पैसे दाजींचे, वही तुझी

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, बाबांचं एटीएम कार्ड मी माझ्याकडे घेऊन ठेवू का?" मी काहीतरी पुटपुटून विषय बदलला, कारण मागे अक्काचा आवाज येत होता. आता निवांत लिहिते. कार्ड घेऊ नकोस. निदान सुरुवात त्यानं करू नकोस.

दाजींनी गेल्या महिन्यात दूधवाल्याला तीनदा बिल दिलं आणि विजेचं मात्र भरलंच नाही, हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरला बसले मी. माणसाची बुद्धी दगा द्यायला लागली की पुष्कळदा घरच्यांच्या आधी ते कॅशियरला कळतं. जन्मभर एका फटक्यात सही करणारा गृहस्थ स्लिपवर पेन टेकवतो आणि थांबतो. काल पैसे नेलेला आज परत येतो. नोटा मोजताना मधेच अडतो, पहिल्यापासून सुरू करतो आणि आपल्याकडे बघून ओशाळं हसतो. दाजींच्या डॉक्टरांनी 'सुरुवात आहे' म्हटलंय. म्हणजे तुझ्या हाताशी काही महिने आहेत, कदाचित वर्ष-दोन वर्षं. जे काही सह्यांचं आहे ते याच दिवसांत उरकून घे.

तुझा दादा दुबईहून म्हणतोय की मुखत्यारपत्र करून घेऊ, म्हणजे काळजी मिटली. त्याला सांग, मिटत नाही. आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: मुखत्यारपत्र देणारा गेला, किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. बाहेरच्या काही देशांत आजारपणानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, दादानं ते तिथल्या लोकांकडून ऐकलं असेल. आपल्याकडे तशी सोय नाही. दाजींना फिरता येत नाही, पण समजतंय, अशा काळापुरतं मुखत्यारपत्र कामाचं. त्यापुढे त्याच्या भरवशावर राहिलात तर कधीतरी एखादा जागरूक मॅनेजर तो कागद परत करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

मग करायचं काय? पेन्शनच्या खात्यात अक्काचं नाव जोडा. दुसरं जे बचत खातं आहे, ज्यात एफडीचं व्याज पडतं, त्यात तुझं नाव घाला, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' अशा पद्धतीनं. सगळ्या एफडींवर नॉमिनी आहे का ते बघा. नुसतं "आहे ना, पूर्वीच केलंय" यावर जाऊ नकोस, पावतीवर छापलेलं डोळ्यांनी वाच. आमच्या बँकेत एका काकांच्या एफडीवर त्यांच्या आईचं नाव होतं, आणि ती बाई जाऊन वीस वर्षं झाली होती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही दादाला आत्ताच समजावून ठेव. बँक पैसे त्याच्या हातात देते, वाटे मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे पडतात. तुझं नाव खात्यात गेलं की दादाच्या मनात किडा वळवळणार. ते खातं कशासाठी आहे हे सही व्हायच्या आधी त्याला कळव, नंतर नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण दाजींचं निदान झालेलं आहे, म्हणून नोंदवूनच घ्या. एक साक्षीदार त्यांचे डॉक्टर असावेत आणि 'त्या दिवशी त्यांना सगळं समजत होतं' असा तारखेसह दाखला जोडा. ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. आणि दाजी काय लिहायला सांगतात ते तू शेजारी बसून ऐकायचं नाहीस. चहा ठेवायला आत जा.

त्यांना न्यायचं ते सकाळी. दुपारी चारनंतर हे लोक गोंधळतात, माझ्या सासूबाईंचं तसंच होतं. बँक उघडल्यावर पहिल्या तासाभरात, नाश्ता करून, त्यांचा तो इस्त्रीचा सदरा घालून. आणि बँकेत बोलणं त्यांच्याशी होऊ दे. काउंटरवरची मुलगी तुझ्याकडे बघून "यांचं काय करायचंय?" असं विचारेल. तू म्हण, "त्यांनाच विचारा ना." उत्तर यायला दोन मिनिटं लागतील. लागू देत.

आता समजा उशीर झाला, सही होईनाशी झाली. तेव्हा घाबरून कुणाच्या सल्ल्यानं सहीची नक्कल करू नकोस. मी हे सांगते कारण चांगल्या घरातली माणसं हे करतात, आणि आम्हाला ते समोर दिसायचं. त्याला वाट आहे, रिझर्व्ह बँकेनंच घालून दिलेली. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, तीही दोन साक्षीदारांसमोर. पैसे कोण उचलणार हे खातेदारानं इशाऱ्यानं सांगायचं.

आणि हाताचा नसेल तर पायाचा अंगठाही चालतो. नियमातच आहे. मी एकदा गेले होते, पावसाळ्यात, मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात. निवृत्त तलाठी होते, दोन्ही हात लुळे पडलेले. मॅनेजरसाहेब, मी आणि माझ्या पर्समधलं शाईचं पॅड. सुनेनं आधी पाय धुतले, पुसले. अंगठ्याला शाई लावताना म्हातारबुवांना गुदगुल्या झाल्या आणि ते असे काही हसले, की सून पदर तोंडाला लावून आतच पळाली. महिन्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच ते हसले होते म्हणे. तेव्हा मॅनेजर नाही म्हणाला, तर त्याला नम्रपणे सांगायचं की रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, आणि अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायची सूचनाही २०१७ पासून आहे. काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात, ते भर.

पण मला खूण ही वाट फार पुढेपर्यंत पुरेल असं वाटत नाही. इशारा करायलासुद्धा माणसाला काय चाललंय ते कळावं लागतं. घर विकायचंय, मोठी एफडी मोडायचीय आणि दाजींना काहीच उमगत नाही, अशी वेळ आली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. डिमेन्शियासाठी पालक नेमायचा सोपा कायदा आपल्याकडे नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे, पण त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता, पैशांपुरता नव्हे. कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत केरळच्या उच्च न्यायालयानं २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. आपलं मुंबईचं उच्च न्यायालयही असा पालक नेमतं. त्यात वकील आला, डॉक्टरांची तपासणी आली, महिने आले. म्हणून म्हणते, त्या सदऱ्याला इस्त्री याच आठवड्यात कर.

बंडूमामाचं वेगळं होतं. त्याला जन्मापासूनच हिशेब नव्हता, त्यामुळे सही करून घ्यायचा प्रश्नच नव्हता. आमचे आप्पा शाळेत गुरुजी होते, त्यांची पेन्शन होती. ते १९८८ ला गेले, मग आईला कुटुंब निवृत्तिवेतन, आणि आई १९९६ ला गेली तेव्हा ते बंद पडलं. कमवू न शकणाऱ्या अपंग मुलाला ते जन्मभर मिळतं, हे आप्पांना ठाऊक होतं. कागदावर नाव नोंदवायचं मात्र राहून गेलं. त्या एका राहून गेलेल्या ओळीपायी मी दोन वर्षं रजा टाकून एका कार्यालयाचे जिने चढले. सिव्हिल सर्जनचा दाखला, शाळेचा दाखला नाही म्हणून प्रतिज्ञापत्र, मग 'हे तुमचे भाऊच कशावरून', मग फाइल हरवली, मग फाइल सापडली. तुझ्या ओळखीत कुणाच्या घरी असं मूल असेल, तर आईवडील नोकरीत असतानाच ते नाव नोंदवून घ्या म्हणून सांग. माझं नाव घेऊन सांग.

नंतर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (आता बौद्धिक अक्षमता म्हणतात) आणि बहुविकलांगता, या चारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. ती अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला पालक नेमून देते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. २००५ साली मला बंडूचं पालकत्व मिळालं. लोकांना वाटतं, ते पत्र मिळालं की झालं. पत्रामागे दोन कामं येतात. सहा महिन्यांत त्याच्या सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करायचा. आमच्या इथं तो कुणी वाचत असेल असं मला कधी दिसलं नाही. मी दर वर्षी देत होते, पोच घेत होते.

दाजींसाठी कुणी तुझ्याकडे हिशेब मागणार नाही. तरीही ठेव. मी तो कसा ठेवायला शिकले ते सांगते, कारण बंडूची पेन्शन हाती यायला लागल्यावर पहिली चार-पाच वर्षं मी चुकले.

तेव्हा मला वाटायचं, भावाचा कसला हिशेब? त्याच्या पेन्शनीतून त्याची औषधं आणायची, चप्पल आणायची, उरलेलं खात्यात. जेवणाखाण्याचं माझ्या घरातून. कधी घाईत त्याच्या पैशातून घरचा गॅस आणायचा, कधी माझ्या पैशातून त्याचा चष्मा. सगळं मनात. मग एका लग्नात मुंबईच्या वहिनीनं चार बायकांत गोड आवाजात विचारलं, "बंडूभाऊजींचं पेन्शन आता बरंच झालं असेल ना हो?" मला उत्तर देता आलं नाही. चोरी केली नव्हती, पण दाखवायला हातात काही नव्हतं. घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी वही आणली.

त्या वहीत मी पहिल्यांदा त्याच्या जेवणाचा महिना ठरवला. आधी लाजच वाटली. भावाच्या पोळीचे पैसे लावायचे? तुझे काका म्हणाले, लाव. लावले नाहीस तर दहा वर्षांनी तुझ्याच मनात येईल की एवढं केलं, मग थोडं घेतलं तर काय बिघडलं. खानावळीचा दर विचारून त्याच्या निम्मा लावला, सगळ्या भावंडांना पत्रानं कळवला, दर दोन वर्षांनी वाढवला. त्यानंतर घरातला पैसा वेगळा, बंडूचा वेगळा. तूही दाजींच्या पैशातून आयाचा पगार, डायपर, डॉक्टर हे दे. अक्का त्यांची बायको आहे, त्या दोघांचं घर त्यांच्या पैशावर चालू दे. पण तुझ्या मुलाचा क्लास, तुझ्या गाडीचं पेट्रोल हे त्यात मिसळू नकोस. दवाखान्यात न्यायला गाडी काढलीस तर त्या फेरीचे पैसे घे, तारीख टाकून.

उसने सुद्धा नाहीत. २००९ साली तुझ्या मावसभावाच्या प्रवेशाच्या वेळी मी बंडूच्या खात्यातून पाच हजार घेतले आणि आठव्या दिवशी भरले. वहीत दोन्ही नोंदी आहेत, खोडलेल्या नाहीत. त्या वर्षी वही वाचताना त्या ओळीवर आवाज अडखळला माझा.

हो, वही वाचत होते. भाऊबीजेला सगळी जमायची, जेवणं झाली की ओवाळायच्या आधी मी वर्षाचा जमाखर्च मोठ्यानं वाचायची. धाकट्या भावाला डुलकी लागायची, वहिनी मात्र शेवटपर्यंत ऐकायच्या. बंडू माझ्याशेजारी बसायचा. त्याला आकडे कळत नव्हते, पण आपल्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं चाललंय हे कळायचं, आणि शेवटी पानाखाली तो एक उभी रेघ मारायचा. ती त्याची सही. तिसऱ्या वर्षापासून वहिनींनी पुन्हा काही विचारलं नाही. उलट त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांनीच पैसे पाठवले. तुझा दादा भाऊबीजेला येत नाही, तर महिन्याच्या पानाचा फोटो त्याला पाठव. त्यानं बघितला नाही तरी पाठव.

बंडूला नोटा रंगानं कळायच्या. दर रविवारी बाजाराच्या दिवशी मी त्याला दहाच्या पाच नोटा द्यायची. एकदम पन्नासची दिली तर त्याला गरीब झाल्यासारखं वाटायचं. त्यातून तो शिट्ट्या घ्यायचा, रेवड्या घ्यायचा, बँडवाल्या पोराला एक नोट द्यायचा. शिट्ट्यांचा एक डबा भरला होता घरात. "वाया घालवतो," म्हणायचे लोक. वहीत मी ते 'बंडूचा खर्च' असं लिहायची, तपशील विचारायची नाही. तुझ्या पगारातल्या साड्यांचा तपशील मी कधी विचारला?

दाजींचं पाकीट काढून घेऊ नकोस, हे त्यासाठीच. त्यात दोनशे रुपये सुटे असू देत, संपले की पुन्हा भर. ज्या माणसानं पन्नास वर्षं घर चालवलं, त्याचा खिसा रिकामा केलास तर तो घरभर चोर शोधत फिरेल. तसाही फिरेलच. सासूबाई माझ्यावर आळ घ्यायच्या, रोज, शेजारणींसमोर: "हिनं माझे पैसे घेतले." सुरुवातीला मी पासबुक दाखवायची, भांडायची. पासबुकानं त्यांचं समाधान होत नाही. नंतर मी म्हणायला लागले, "चला, शोधू." दोघी मिळून शोधायचो. तांदळाच्या डब्यात, देवाच्या वस्त्रांखाली, पोथीच्या पानांत. तू या जागा आत्ताच बघून ठेव. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आम्ही सगळं घर धुंडाळलं होतं आणि सापडलं तेवढं भरलंही. सासूबाई गेल्यावर, २०१७ च्या दिवाळीत गादी पिंजायला दिली, तर कापसातून एकोणीस हजार निघाले. सगळ्या जुन्या नोटा. पिंजाऱ्यानं प्रामाणिकपणे आणून दिले, त्याला मी नव्या नोटांत बक्षीस दिलं.

कार्डाचं सांगायचं राहिलं. दाजींचा पिन वापरून तू पैसे काढत गेलीस, तर बँकेच्या लेखी ते दाजींनीच काढले. उद्या वाद झाला तर तुझ्या बाजूनं कागद नाही. खात्यात नाव आलं की तुझं स्वतःचं कार्ड मिळेल, ते वापर. दाजींच्या कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करून घे, काढायची मर्यादा कमी करून घे. आणि एक कटू आहे पण सांगते. माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं एक रुपया काढायचा नाही, अंत्यविधीच्या खर्चालाही नाही. लोक नेमके त्याच रात्री एटीएमला जातात. त्या एका पावतीवरून भावंडं तुटलेली मी पाहिली आहेत.

फोन. दाजींचं सिमकार्ड चालू ठेव, आधारचा ओटीपी त्यावर येतो. ते बंद पडलं तर निम्मी कामं अडतील. पण फोनमधलं पैशांचं ॲप काढून टाक. 'पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' असले फोन या वयाच्या माणसांनाच येतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा, आधी दादाशी चर्चा नाही.

गुंतवणुकीत डोकं चालवू नकोस. दाजींना आता पैसे वाढवायचे नाहीत, वेळेला हाताशी हवेत. एफडी तुकड्यांत ठेव, दर तीन-चार महिन्यांनी एक संपेल अशी. पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून तिकडे वळू नकोस, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षांची पॉलिसी विकायला जो ओळखीचा मुलगा येईल, त्याला चहा पाज आणि पाठव.

नातेवाईकही येतील. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची विहीर. "दाजी असते तर लगेच दिले असते." दाजी आहेत, आत बसलेत, हे त्यांच्या लक्षात आणून दे. आणि सांग की हे पैसे माझे नाहीत, मला देता येत नाहीत. मला या वाक्याचा पंचवीस वर्षं उपयोग झाला.

तुझ्यानंतर कोण, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिही. खाती कुठं, पावत्या कुठं, वकील कोण, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा द्यायचा. मी बंडूसाठी तुझं नाव लिहिलं होतं, तुला न विचारता. तो २०२१ ला गेला, तुझ्यावर ती वेळ आली नाही.

रविवारी येते आहे. त्याआधी दाजींची सगळी पासबुकं भरून आण. दोन वर्षं काहीच व्यवहार नाही असं एखादं खातं निघेल, ते आधी चालू करून घेऊ. आणि वही आण. जाड, शिवलेली, पानांना आकडे घातलेली. स्पायरलची नको, तिच्यातलं पान काढलं तर कळत नाही.